झेंडूच्या माळेखालची तार

खंडेनवमीची पूजा होऊन गेली, तरी बॉयलरवरची झेंडूची माळ तशीच सुकत होती. ती काढायला मी शिडीवर चढले आणि माळेखाली तार दिसली.

संगमनेरजवळच्या एका दूध प्लांटमध्ये मी अप्रेंटिस होते. दूध तापवायला वाफ लागते, ती बॉयलर देतो. त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. घरच्या कुकरच्या शिट्टीसारखाच. दाब वाढला की त्याचा दांडा उचलला जातो आणि वाफ बाहेर पडते. आमचा दांडा तारेने घट्ट बांधला होता. जादा वाफेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

बॉयलर चालवणारे रामभाऊ खाली उभे होते.

"काका, हे कोणी बांधलं?"

"साहेबांनी बांधाय लावलं. व्हॉल्व्ह लई गळत हुता. पूजेला वरून माळ घातली."

मी सुपरवायझर कदम सरांकडे गेले. "सर, बॉयलर बंद करावा लागेल."

"टँकर दारात उभा आहे. नंतर बघू."

"तोपर्यंत काही झालं तर?"

"नारळ फोडलाय ना? देवावर विश्वास नाही का तुझा? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. सर्टिफिकेटवर सही माझी लागते, विसरू नको."

धमकीचा राग आलाच, पण देवाचं नाव घेतल्याचा जास्त आला. माझी आई शेतात साप दिसला की देवाचं नाव घेते आणि काठीही घेते. कदम सर मात्र देवाच्या माळेने तार झाकत होते. आणि बॉयलरशेजारी दिवसभर उभे राहणार होते रामभाऊ.

भीती खरी होती. घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. सही मिळाली नाही तर घरी काय सांगू, सुचत नव्हतं. मनात म्हटलं, देवा, पुढचं तू बघ. मग जाऊन बर्नर बंद करायचं लाल बटण दाबलं.

कदम सर धावत आले. "कोणाला विचारून?"

मी वर तारेकडे बोट दाखवलं. रामभाऊ म्हणाले, "साहेब, तार काढल्याबिगर मी पेटवनार न्हाई. पेटवायचाच असंल तर तुमी उभं राहा हितं."

सर उभे राहिले नाहीत.

बॉयलर थंड झाल्यावर फिटरने तार कापून व्हॉल्व्ह बदलला. नवा व्हॉल्व्ह स्टोअरमध्येच पडून होता. तो बसवायला प्लांट थांबवावा लागतो, एवढीच अडचण होती. ते कळल्यावर आलेला राग अजून गेलेला नाही.

अप्रेंटिसशिप संपेपर्यंत मला क्रेट धुण्यावर ठेवलं. सही अजून झालेली नाही. मागायला जातेच आहे.

यंदा खंडेनवमीला रामभाऊंचा फोन आला. "पोरी, माळ बॉयलरवर न्हाई, दारावर घातली. देवाला तिथूनबी दिसतं."