वहिनींनी सोडलेलं तिखट

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वहिनी ज्या आजारानं गेल्या तो तिखट खाण्यानं होत नाही, हे मला त्या जिवंत असतानाच ठाऊक होतं. तरी मी त्यांचा तसा समज राहू दिला.

कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान. थोरला भाऊ आणि वहिनी कागलजवळ गावी, शेतीवर. मी कॉलेजात असताना माझा डबा रोज एसटीनं यायचा, तो वहिनींच्या हातचा. नव्वदीच्या दशकात एकदा त्या दुकानात आल्या. गिऱ्हाईक हटेपर्यंत थांबल्या आणि काउंटरकडं बघत म्हणाल्या, "भावजी, बसायच्या जागी गळू आलंय. ह्यांना सांगू नगा."

मी कॅप्सूल आणि मलम कागदात गुंडाळून दिलं. दिरानं भावजयीला याहून जास्त काय विचारायचं? गळू फुटलं, वाहिलं, बसलं. काही महिन्यांनी पुन्हा आलं. पुढं त्या नुसतं "मागचंच द्या" म्हणायच्या आणि मी द्यायचो. अशी वर्षं गेली. हे भगंदर असणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. एकदा डॉक्टरांचं नाव काढलं, तर म्हणाल्या, "बाप्या डॉक्टरापुढं? त्यापरास मरते की." खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

उन्हाळ्यात डंकाच्या गिरणीवर वर्षाचं तिखट, म्हणजे आमच्याकडची चटणी, कुटून आणायची तर निम्म्या गल्लीच्या मिरच्या वहिनीच निवडून द्यायच्या. दादा जेवताना चिडवायचा, "लोकांना भाकरीसंगं चटणी लागती, हिला चटणीसंगं भाकरी!"

दोन हजार साल उलटल्यावर त्या जागी टणक गाठ लागू लागली. पू जाऊन चिकट, बुळबुळीत काहीतरी यायला लागलं. वहिनी वाळल्या. आता लपवणं शक्यच नव्हतं. सर्जननी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर औषधातला माणूस म्हणून एकट्या मला आत बोलावलं.

"तिथला कॅन्सर बहुधा वरच्या अस्तराचा असतो," ते म्हणाले. "हा ग्रंथींचा आहे. आत स्नायूंलगत बारीक ग्रंथी असतात. भगंदर बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. क्वचित, फार क्वचित, कॅन्सरसुद्धा."

"मग यांना आधी काय झालं? भगंदर का हे?"

"वर्षानुवर्षांच्या भगंदरात कॅन्सर होऊ शकतो. कधी कॅन्सरच भगंदराचं रूप घेऊन येतो. आता इतक्या उशिरा कोण सांगणार?"

"आणि खाण्यानं? तिखटानं?"

"त्याचा काय संबंध?"

बाहेर बाकावर दोघं बसले होते. वहिनी एका कुशीवर कलून. मी गाठ वाईट आहे, मिरजेला रेडिएशनचा शेक द्यावा लागेल, एवढं सांगितलं. दादा उसळला, "उष्णता! दुसरं काय? सांगून सांगून जीभ झिजली माझी."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "व्हय का वो भावजी? खाण्यानंच झालं?"

नाही म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशानं? त्याचं उत्तर माझ्या काउंटरपर्यंत येत होतं. मी म्हणालो, "असंल. उष्णता असतीच."

त्या दिवसापासून त्यांनी चटणीला हात लावला नाही. मिरजेच्या शेकानं कातडी भाजून निघाली, गाठ हटली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या, "माझ्याच तोंडानं केलं बघा." मी तिथंच बसलेला असायचो. डॉक्टरांनी आवडेल ते खाऊ द्या म्हटल्यावर मी एकदा दूधभाकरीच्या ताटात चिमूटभर चटणी वाढली. "खा की वहिनी, काय होत न्हाय."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "नगं भावजी. आता तरी ह्यांचं ऐकू दे मला."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत.

दादा आता थकलाय. सुनांच्या ताटावर नजर ठेवून असतो. "तुमच्या सासूला तिखटानंच खाल्लं," असं त्यांना आल्यागेल्यासमोर सांगतो. मी मान डोलावतो.

तुमच्या खाण्यानं काही झालं नाही, हे एक वाक्य मी वहिनींना द्यायला हवं होतं. ते आता देता येत नाही. दादाला आणि त्या पोरींना मात्र अजून सांगायचं आहे, की दोष तिखटाचा नव्हता, आणि इतकी वर्षं न विचारता कॅप्सूल देणारा मी होतो.