व्याह्यांचं संगणक मंडळ

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही कॉम्प्युटर मरू दिलेला नाही. पालघरपासून तारापूरपर्यंत कुठल्याही कचेरीत, कारखान्यात नाहीतर कुणाच्या माळ्यावर एखादा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत असला, की त्याची चाहूल व्याह्यांना बोईसरला बसल्या जागी लागते. मग ते स्कूटरच्या हँडलला सुतळीचं बंडल अडकवून निघतात आणि संध्याकाळी परततात तेव्हा मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं एक धूड असतं. वाटेत कुणी विचारलंच, की काय घेऊन चाललात, तर "भंगारवाल्याच्या दारातनं सोडवून आणला. काय झालेलं नाय त्याला, नुसती धाप लागलीय," असं सांगून ते पुढे जातात. खड्डा आला की आधी मागे हात लावून पाहतात आणि मग स्वतःला सावरतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी लेक अश्विनी त्यांच्या घरात दिलेली आहे. लग्नाच्या बैठकीत सगळं सुरळीत ठरलं, चहा झाला, आणि उठता उठता व्याही घसा खाकरून म्हणाले, "आमचं एक मागणं हाय. आता सांगू का नको?" इतका वेळ सज्जन वाटलेला माणूस ऐन वेळी काय मागतोय म्हणून मी बायकोकडे पाहिलं, बायकोने देव्हाऱ्याकडे पाहिलं. व्याही म्हणाले, "तुमच्या मासवणच्या घरी माळ्यावर एक कॉम्प्युटर पडलाय म्हणे. तुमी वापरीत नसाल, तर आमाला देणार का?" मला इतकं हायसं वाटलं की मी कॉम्प्युटर दिला, प्रिंटर दिला आणि ते नको नको म्हणत असताना खालचं टेबलही दिलं. लग्न लागून वरात निघाली तेव्हा नवरा-नवरी पुढच्या गाडीत होती आणि कॉम्प्युटर मागच्या टेम्पोत. व्याही टेम्पोत बसले.

त्या कॉम्प्युटरचं नाव त्यांनी ‘मासवण’ ठेवलं. त्यांच्याकडे प्रत्येक यंत्राला माहेरचं नाव असतं. सालवडच्या कारखान्यातून आलेलं ते ‘सालवड’, मनोरच्या दवाखान्यातून आलेलं ते ‘मनोर’. या सगळ्यांचा मुक्काम बोईसरच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, आणि तेच आमचं संगणक मंडळ. कॉम्प्युटर नवलाईचा होता त्या काळात, कारखान्यात वीजविभागात नोकरी करता करता, व्याह्यांनी ते काढलं. दर रविवारी सकाळी लोकांनी यायचं, एकमेकांना शिकवायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं, असा बेत. चपला बाहेर काढायच्या. प्रत्येक यंत्रावर विहीणबाईंच्या जुन्या साड्यांचं शिवलेलं झाकण, त्यामुळे हॉलमध्ये शिरलं की हळदीकुंकवाला आलेल्या बायका भिंतीशी ओळीने बसल्यात असं वाटे. मुलीकडचा माणूस व्याह्यांना नाही म्हणू शकत नाही, या एकाच पात्रतेवर मी मंडळाचा कार्यवाह झालो. अजूनही "मासवण आज जरा तापलाय, त्याला उठवू नका," असं ते कुणाला बजावू लागले, की मी उगाच माझ्या कपाळाला हात लावून पाहतो.

आता त्यांच्या भाषणाविषयी सांगायलाच हवं. नव्या सभासदाने यंत्राला हात लावण्याआधी प्रास्ताविक ऐकायचं, असा मंडळाचा नियम होता आणि तो मोडायला ब्रह्मदेव आला असता तरी त्यालाही चपला काढून खुर्चीवर बसावं लागलं असतं. प्रास्ताविक दगडांपासून सुरू होई. "माणूस पयला दगड ठेवून मोजायचा. एक बकरी, एक दगड." मग मण्यांच्या चौकटी, मग दातेरी चाकं, मग वीज. वीज आली की व्याह्यांचा आवाज भरून येई, कारण वीज हे त्यांचं जन्माचं प्रेम. पावसाळ्यात आलेल्या माणसाचा हात माऊसला लागेपर्यंत बाहेर थंडी पडलेली असे. मी ते भाषण इतक्यांदा ऐकलंय की मला भूल देऊन झोपवलं तरी मी ते कुठूनही पुढे म्हणून दाखवीन.

जोवर गावात कॉम्प्युटर थोडे होते तोवर लोकांनी हे सोसलं. पुढे ते घरोघरी झाले, मग खिशात आले, आणि मंडळात उरलो आम्ही सात-आठ निवृत्त माणसं. आमच्यातले निम्मे भाषणात वीज यायच्या आत झोपलेले असत. व्याह्यांच्या हे लक्षात आलं नाही असं नाही. त्यांनी तरुण सभासद मिळवण्याची मोहीम काढली. रिक्षेला भोंगा लावून "तरुणांनो, संगणकाकडे वळा" असं बोईसरभर ओरडत फिरले. ज्यांना ते वळायला सांगत होते ती मुलं हातातल्या मोबाइलवर त्यांचाच व्हिडिओ काढत होती. मग त्यांनी फुकट वाय-फाय आणि वडापाव जाहीर केले. त्या रविवारी सालवडला खोली घेऊन राहणारे कारखान्यातले चार-पाच जण खरंच आले. "चाचा, पासवर्ड क्या है?" त्यांनी दारातच विचारलं. व्याही हर्षभराने म्हणाले, "बताता हूँ, बैठो. पहले आदमी पत्थर रख के गिनता था." मुलं बिचारी बसली. चाकं फिरू लागली तेव्हा एकजण पाणी प्यायला गेला, दुसरा त्याला शोधायला गेला, आणि बाकीचे त्या दोघांना शोधायला गेले. एकाची छत्री राहिली होती. धो धो पाऊस असूनही ती न्यायला कुणी परत आलं नाही.

मग वाचनालयाच्या अध्यक्षांनी निरोप पाठवला. माणूस वाईट नव्हता, पण गावातली पोरं व्यायामशाळेसाठी जागा मागत होती आणि वरच्या हॉलमध्ये चार म्हातारे साड्या नेसवलेली यंत्रं सांभाळत होते. दिवाळीपर्यंत मंडळात तरुण माणसं दिसली तर ठीक, नाहीतर हॉल रिकामा करून द्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. व्याही त्या दिवशी विनोद करेनात, चहा घेईनात. घरात आधीच इतकी यंत्रं होती की विहीणबाईंनी यापुढे तारेचा तुकडाही उंबऱ्याच्या आत घेणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. "मंडळ मोडलं तर मोडलं, व्याही," ते मला म्हणाले, "पन यांना नेऊ कुठं? भंगारात घालू काय?" आजवर त्यांच्या तोंडून तो शब्द दुसऱ्यांच्या यंत्रांबद्दलच ऐकला होता. मला फार वाईट वाटलं.

खंडेनवमीला दरवर्षी मंडळात यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. त्या वर्षी पूजेला अश्विनी आली होती. आरती झाल्यावर तिने सासऱ्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर एक बोलू? मुलं कॉम्प्युटरला कंटाळत नाहीत. ती तुमच्या त्या दगडांना कंटाळतात." मी मनात लेकीचा संसार मोडल्याचं पाहून आलो. व्याह्यांनी पेढा सावकाश खाल्ला, मासवणपाशी गेले, त्याच्या माळेवर हात ठेवला आणि म्हणाले, "नव्या मानसानं आपनहून इचारल्याशिवाय ह्या हॉलमधी मी एक अक्षर शिकवनार नाय. शपथ हाय." शपथ पाळायची त्यांनी युक्तीही काढली. त्यांची मूळ वाडी केळवे-माहीमकडची, तिथे नारळी-पोफळींत पानवेली आहेत. हॉलमध्ये पाऊल टाकण्याआधी घरच्या पानाचा भरगच्च विडा तोंडात कोंबायचा, म्हणजे बोलायची सोयच राहत नाही.

पुढच्याच रविवारी घिवलीची हर्षदा आली. पालघरच्या कॉलेजात शिकणारी, वडिलांची मासेमारीची बोट. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं एक जुनं जीपीएस यंत्र होतं. बोटीवर आता नवं यंत्र बसवलं होतं, पण वडिलांनी उभ्या आयुष्यात समुद्रात जिथे जिथे मासळी पाहिली आणि जिथे जिथे खडकांवर जाळी फाडून घेतली, त्या सगळ्या जागा जुन्या यंत्रात साठवलेल्या होत्या, आणि त्याचा पडदा दिवसेंदिवस अंधुक होत चालला होता. "दुकानवाले बोलतात फेकून द्या," ती म्हणाली. "बाबा बोलतात, बोट गेली तरी चालंल, माझे पॉइंट जायचे नाय. जेवत पन नाय धड." तिने यंत्राची वायर दाखवली. टोकाला बारीक भोकांच्या दोन रांगा होत्या. "हे बसंल अशी जागा आताच्या एका पन लॅपटॉपला नाय. तुमच्याकडं जुने डबे हायेत असं कळलं."

‘डबे’ हा शब्द एरवी व्याह्यांनी खपवून घेतला नसता. आता त्यांच्या तोंडात विडा होता. ते डोळे मोठे करून उठले, मासवणवरची साडी काढली, त्याला अलगद फिरवून पाठमोरा केला आणि मागच्या जुन्या पद्धतीच्या पिनांच्या रांगांवर बोट ठेवलं. वायर अशी बसली, जणू इतकी वर्षं त्याच जागेची वाट पाहत होती. हर्षदाने पेनड्राइव्हमधून आणलेला प्रोग्राम चालू केला. पण पडद्यावर नुसत्या खुणाच खुणा, फुल्या, चौकोन, कशाचा अर्थ लागेना. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि तिकडे जीपीएसचा पडदा विझायचा, पुन्हा पेटायचा.

व्याह्यांना चूक कळली होती. ते खुर्चीतून अर्धे उठले, बसले, दोन्ही हात हवेत वरखाली करू लागले, गाल फुगवले. कपाळाला घाम आला. "काका, बरं वाटत नाय काय तुमाला?" हर्षदाने विचारलं. ही विचारपूस होती, शिकवण्याची विनंती नव्हती, म्हणून व्याह्यांनी नुसती मान हलवली. शपथेवर इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही आणि त्या क्षणी तरी पाहायची इच्छा नव्हती. मी धावत तिच्याजवळ गेलो. "अगं, काय चुकतंय ते त्यांना विचार! तू विचारल्याशिवाय ते बोलायचे नाहीत!" तिला वाटलं असणार इथे सगळेच असे आहेत. पण तिने विचारलं, "काका, काय चुकलं माझं?"

ज्या हॉलमध्ये चप्पल चालत नाही तिथे थुंकणार कुठे? व्याह्यांनी अख्खा विडा गिळला. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "वेग कमी कर. म्हातारं यंत्र हाय ते, सावकाश बोलतं. तू भरभर ऐकतेस." तिने प्रोग्राममधला वेगाचा आकडा बदलला. आणि मासवणच्या पडद्यावर एकाखाली एक जागा उतरू लागल्या, प्रत्येकीला तिच्या बापाने दिलेलं नाव. एका खडकाचं नाव सरळ ‘मेव्हणा’ होतं, कारण तिथे पहिल्यांदा मेव्हण्याचं जाळं फाटलं होतं. शेवटची जागा उतरली तेव्हा कुठे मी खुर्चीत बसलो. हर्षदाने तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, आले सगळे. मेव्हणा पन आला." मग ती हसली आणि फोन ठेवून म्हणाली, "आता जेवतील."

मला वाटलं, झालं, आता दगड निघणार. पण व्याह्यांनी फक्त साडी उचलून नीट घडी केली.

त्यानंतर घिवली आणि आसपासच्या किनाऱ्यावरून जुनी यंत्रं येऊ लागली, आणि ती घेऊन तरुण पोरंपोरी येऊ लागली, कारण घरचे म्हातारे यंत्र त्यांच्याच हाती पाठवत. आलेली पोरं थांबली. कुणी घरच्या सुक्या मासळीचे फोटो टाकून विकायला शिकलं, कुणी जुने सुटे भाग जोडून गाणी वाजवणारा डबा केला. सालवडची मुलंही आली, छत्री ओळखून घेऊन गेली आणि पुन्हा आली. दिवाळीआधी अध्यक्ष जिना चढून वर आले, दारात चपलांचा ढीग पाहून तिथेच थबकले आणि व्यायामशाळेसाठी खालची मागची खोली बघू म्हणाले. मी सुटकेचा असा निःश्वास टाकला की जवळच्या झाकणाची झालर हलली. व्याह्यांनी माझा हात दाबला. तोंडात विडा होता.

पण खरं सांगायचं तर पुढच्या महिन्यांत मला रविवारी चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. हॉल पोरांच्या आवाजाने भरलेला असे आणि व्याही खिडकीपाशी पान चघळत बसलेले. अडलं की पोरं विचारत, ते नेमकं तेवढंच सांगत आणि गप्प होत. ज्या भाषणाला मी आयुष्यभर जांभया दिल्या, ते कुणीच ऐकत नाही याचं मला दुःख व्हावं, हे मलाही नवीन होतं.

परवाच्या रविवारी मासवण उघडा करून हर्षदा आणि चार-पाच जण साफ करत होते. मध्येच ती ब्रश खाली ठेवून म्हणाली, "काका, हे सगळं वापरतो आमी, पन आत नक्की होतं काय, ते एकालाबी म्हाईत नाय. सांगा ना तुमी. एकदम पयल्यापासून." पोरांनी खुर्च्या ओढल्या. गाणी बंद झाली.

व्याही उठले. बाहेर जाऊन चूळ भरून आले. शर्ट खाली ओढला, मासवणवर हात ठेवला, तोंड उघडलं. आणि काही बोललेच नाहीत. ओठ हलत होते, पण सुरुवात सापडत नव्हती. इतक्या जणांनी आपणहून विचारल्यावर काय बोलायचं, याची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी भरल्या डोळ्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं.

मी मागच्या रांगेतून हळूच म्हणालो, "माणूस पयला दगड ठेवून मोजायचा, व्याही."

"हां," ते म्हणाले. "एक बकरी, एक दगड."