जाम स्टिअरिंग आणि थोरले जावई

थोरल्या साडूंना मी पोटभर पाहिलं ते एकदाच, आणि तेव्हा ते जीपखाली उताणे पडलेले होते. बाहेर फक्त पाय. पायांत पांढरेशुभ्र मोजे. गोठ्यात पांढरे मोजे घालून येणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या धोंड्याच्या महिन्यातली गोष्ट. आम्हा दोघा जावयांना विंझरला सासुरवाडीहून बोलावणं होतं. मी भोरच्या एका कचेरीत खर्डेघाशी करणारा, धाकटा जावई. साडू पुण्याच्या कंपनीतले मोठे साहेब. दर सणाला ते मिठाईचा पुडा आणि माझ्यासाठी सल्ला घेऊन येत. "भोरमध्ये राहून माणूस गंजतो हो," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि ते म्हणताना ते माझ्या पोटाकडे बघत. मग कंपनीने त्यांनाच घरी बसवलं. वर्ष झालं, दुसरीकडे कुठे लागत नव्हतं. तरी मोजे पांढरेच.

या खेपेला त्यांचा डोळा सासऱ्यांच्या जीपवर होता. गोठ्याच्या कडेला कितीतरी वर्षं उभी असलेली ती जीप सासऱ्यांकडून मागून घ्यायची आणि वेल्हे ते कापूरहोळ वडाप करायची, म्हणजे माणसं कोंबकोंबून भरायची आणि पोटाला मिळवायचं, असा बेत. एसटीत येताना त्यांनी तो मला सांगितला. सांगताना त्यांचा आवाज हलका झाला होता. इतका गोड आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

अडचण एकच. जीपचं स्टिअरिंग जाम. पुढच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे गंजून एकजीव झालेले.

"मामा, मी मोकळं करून दाखवू?" साडूंनी विचारलं.

"न्हाई न्हाई! जावई म्हंजी देव. धोंड्यात देवाला काम सांगत्यात व्हय?" सासरे कानाला हात लावून म्हणाले. आणि लगेच, "पान्हं त्या पोत्यात हाईत."

"मोकळं झालं, तर मग जीपचं..."

"वळू तर द्या. मग बघू."

एवढ्यावर साडूंनी बाह्या सरसावल्या.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. सासूबाई अनारसे तळत होत्या. माझ्या हातात एक गरम अनारसा ठेवून त्या कुजबुजल्या, "जीप इकलीया, पावणं. कवाच. कापूरहोळच्या भंगारवाल्याला. त्यो म्हनतो, चाकं वळत न्हाईत तर वडून न्यायची कशी? आदी मोकळी करा. आता ह्या वयात ह्यांच्यानं वाकवतंय व्हय? तुमी बोलू नगा हं. धोंडा गोड जाऊ द्या."

"मी कशाला बोलतोय, मामी?" मी म्हणालो, आणि आणखी दोन अनारसे उचलले.

बाहेर आलो, घमेलं पालथं घातलं आणि अगदी पुढच्या रांगेतली जागा धरली. सासरे शेजारी तंबाखू मळत बसले.

पहिलं टोक साडूंनी खरंच सोडवलं. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळली, बराच वेळ मुरू दिलं, मग बाजूने हातोड्याचे ठोके घालून सांधा हलवला आणि पान्ह्याने आटे फिरवले. जीपखालून बाहेर आले ते बोहल्यावरून उतरल्यासारखे. दुसऱ्या टोकाला भिडले, आणि खरा खेळ सुरू झाला.

या दांड्याचं एक टोक सरळ आट्यांचं असतं, दुसरं उलट्या. पहिलं जिकडे फिरवून सुटतं, तिकडे फिरवलं की दुसरं आवळतं. मला हे माझ्या जुन्या गाडीपायी कळलं होतं. सासऱ्यांनी तर निम्मं आयुष्य त्या जीपवर काढलेलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सासऱ्यांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली. मी अनारशाचा तुकडा मोडला.

"जोर कमी पडतोय, साडूभाऊ!"

"पाइप द्या, पाइप," जीपखालून आवाज आला. मी धावत जाऊन दिला. पान्ह्याला पाइप अडकवून त्यांनी दुप्पट जोराने ते टोक आवळलं. बोटांची सालं गेली. आणि त्या अवस्थेतही हा माणूस बोलत होता. पहाटेची पहिली फेरी धरायची, भाजीवाल्या बायका लवकर निघतात. समोरच्या काचेवर बायकोचं नाव टाकायचं.

"पिवळ्या रंगात टाका," मी म्हणालो. "लाल किनार."

"लाल किनार," जीपखाली ते स्वतःशीच पुटपुटले. त्यांना आवडलं होतं.

दुपारी जावयांचे पाय धुवायचे होते. माझ्या पायांवरून पाणी नितळ ओघळलं. त्यांचे मोजे काढले, आणि तांब्याचं ताम्हन काळं झालं. ओवाळताना सासूबाईंना त्यांच्या कपाळावर कुंकवाला कोरी जागा शोधावी लागली. हातावर दिवा ठेवला, तर त्याच्या कडेला काळे ठसे उठले. मेहुणीबाई, म्हणजे त्यांची बायको, नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिली. तिलाही काही ठाऊक नव्हतं.

जेवणानंतर पुन्हा आवळाआवळी. उन्हं कलायला लागली तसे सासरे अस्वस्थ झाले. भंगारवाल्याचा ट्रॅक्टर यायची वेळ झाली होती.

"पावणं," ते शेवटी म्हणाले, "त्या टोकाला उलटं आटं हाईत."

जीपखालून डोकं बाहेर आलं.

"आधी का नाही सांगितलंत, मामा?"

"देवाला शिकवायचं व्हय?"

हसून हसून मी घमेल्यावरून खाली आलो.

उलट्या दिशेने जोर लावताच सांधा कुरकुरला आणि सुटला. साडूंनी घासलं, ग्रीस भरलं, दांडा परत बसवला, आत चढून स्टिअरिंग फिरवलं. चाकं वळली. "वळतंय! अगं, बाहेर ये, वळतंय!" बायको धावत आली. त्यांनी तिला डावीकडे वळवून दाखवलं, उजवीकडे वळवून दाखवलं, पुन्हा डावीकडे. ती रडायलाच लागली.

ट्रॅक्टर आला. जीपच्या चाकांत हवा भरली, दोन्हींच्या मध्ये लोखंडी दांडा अडकवला. ओढून नेताना कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं.

"तुमच्या हातनं सुटलंय, कापूरहोळपातूर तुमीच धरा," सासरे म्हणाले.

"इंजिनाचं काम कापूरहोळलाच करून घेतो, मामा," साडू म्हणाले आणि वाकून पाया पडले. सासऱ्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. मी अनारशांचं ताट मांडीवर घेऊन जीपमध्ये साडूंच्या शेजारी बसलो. असं नाटक अर्धवट सोडून कोण उठतो?

वाटेत त्यांनी कुठल्या थांब्यावर किती माणसं उभी आहेत ते दाखवलं. दोघातिघांना हातही केला.

कापूरहोळला गॅरेजं डावीकडे राहिली आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळला.

"अहो, हा चुकला."

"नाही चुकला," मी म्हणालो. "मामांनी इथलंच सांगितलंय."

समोर पत्र्यांचे, दरवाज्यांचे, बोनेटांचे ढीग. फाटकावरचा माणूस हाताने खुणा करत होता, आणि साडू त्याच्या खुणांप्रमाणे वळवत होते. दोन ढिगांच्या मधे त्यांनी जीप अशी अलगद नेली की कुठे पत्र्याला पत्रा लागला नाही.

"स्टेरिंग एक नंबर हाय की!" भंगारवाला म्हणाला. "उतरा साहेब, कापाया घ्यायचीया."

मी उतरलो. ते बसून राहिले. मग त्यांनी चाकं सरळ करून घेतली, सालं गेलेल्या बोटांनी स्टिअरिंगवरचा ग्रीसचा डाग पुसला, आणि उतरले.

ताटात एकच अनारसा उरला होता. मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली, तेव्हा मीच खाल्ला.