मुदतीच्या आधी

"पाच वर्षांचं साहेबायले पाहू दे गा, आपल्याले शनिवारपर्यंतचं सांग!" मुख्य कचेरीतून जाडजूड आराखडा आला की भाऊ दोन्ही हात झाडून हेच म्हणायचे. उमरेड रोडवरच्या आमच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्यात ते पाळीप्रमुख होते आणि मी फायली सांभाळणारा कारकून. आराखड्यातली चालू तिमाहीची पानं मी त्यांना काढून द्यायचो. भाऊ त्यांचे आठवड्याआठवड्याचे तुकडे पाडून फळ्यावर लिहायचे. बाकीची फाईल त्यांनी कधी उघडली नाही.

मुदतीआधी काम संपवल्याशिवाय ज्याला जेवण गोड लागत नाही, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. शनिवारचं काम शुक्रवारी झालं की भाऊंकडून सगळ्या पाळीला तर्री-पोहे. तर्री इतकी जहाल, की ही शाबासकी की शिक्षा ते कळत नसे.

आराखड्याच्या शेवटच्या वर्षातली कामं वेगळी होती. प्रत्येक यंत्राची माहिती लिहून काढा. बाहेरून आलेल्या आठ जणांना काम शिकवा. गोदाम रिकामं करा. गाळणी झटपट साफ करायची आपली खास खुबीही भाऊंनी त्या पाहुण्यांना दाखवली. "घ्या गा, शिकून घ्या. मी काय बरोबर घेऊन जाऊन राहिलो?"

त्या फाईलचं शेवटचं पान मी वाचलं होतं. ही कामं उरकली की यंत्रं परराज्यात हलवायची आणि इथला कारखाना बंद करायचा. मी गप्प बसलो, कारण नव्या जागेच्या यादीत माझं नाव होतं. लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू?

भाऊंनी सगळं दोन महिने आधी संपवलं, म्हणून टाळंही दोन महिने आधी लागलं. साहेबांनी त्यांना शाल पांघरली आणि त्याच कार्यक्रमात बंदची नोटीस वाचली. इतका निगरगट्टपणा मी पुन्हा पाहिला नाही. साठ घरांची दोन महिन्यांची रोजी भाऊंच्या हुशारीनं बुडाली होती.

फाटकाबाहेरच्या थांब्यावर कोणी त्यांच्याशी बोलेना. मी जवळ गेलो.

"तुले माहीत होतं काय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही कधी इचारलंच नाही, भाऊ."

शिवी खायची माझी तयारी होती. "बरोबर हाये तुझं," एवढंच ते म्हणाले आणि उमरेडच्या बसमध्ये चढले. खिडकीतून मला दिसत होतं. आमच्याच पाळीचे चौघे मागच्या लांब बाकावर सैल बसले होते. भाऊ त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. कोणी सरकलं नाही.