डावीकडे चिकटलेली तारीख

हॉस्पिटलच्या आस्थापना विभागात गेली तेहतीस वर्षं हेडक्लार्क बसतात, आणि त्यांच्या टेबलावरून चुकीच्या तारखेचा कागद पुढे सरकल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पाठीमागे सगळे त्यांना तारीखराव म्हणतात. हे त्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतंही. दिवसाआधी महिना लिहिला, अर्ज परत. खाडाखोड केली, अर्ज परत. एकदा एका डॉक्टरांनी घाईघाईत उद्याची तारीख टाकली, तर तारीखरावांनी अर्ज त्यांच्याच हातात देऊन सांगितलं, की आज हा कागद लिहिलाच गेलेला नाही, तेव्हा उद्या घेऊन या.

यंदा वरून हुकूम आला, की साडेसहाशे माणसांची सेवापुस्तकं कॉम्प्युटरच्या शीटमध्ये चढवा. आता हा माणूस अंथरूण धरणार, असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. त्यांच्या भाचीने दोन रविवार बसून त्यांना फॉर्म्युले शिकवले आणि मामा त्या शीटच्या प्रेमातच पडले. भाची म्हणाली, कॉम्प्युटरच्या लेखी तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा. आकडा पटला तर तारीख चौकटीत उजवीकडे सरकते. नाही पटला, तर तो नुसता मजकूर, डावीकडे चिकटून बसतो. तारीखरावांना वाटलं, जन्मभर आपण जे ओरडून सांगत होतो ते या यंत्राला आधीपासूनच कळत होतं!

मग काय विचारता. त्यांनी फॉर्म्युला लावला: जन्मतारीख खरी तारीख आहे का, ती पुढच्या काळातली तर नाही ना, आणि नोकरीला लागताना माणसाला अठरा वर्षं पूर्ण होती का. एक जरी गोष्ट चुकली तरी अख्खी ओळ लाल. एवढ्यावर थांबते तर ते तारीखराव कसले? त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक जास्तीचा रकाना काढला: 'चूक कोणाची'. लाल ओळीत तारीख दुरुस्त केली तरी ज्याने मूळ चूक केली त्याचं नाव या रकान्यात भरेपर्यंत लाल जायचं नाही, आणि लाल ओळीतून कुणाचं पत्र छापून निघायचं नाही. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. तारीखरावांनी पासवर्ड घालून शीटला कुलूप लावलं.

तीन आठवड्यांत एक्केचाळीस लाल ओळी सापडल्या. स्वयंपाकघरातला एक आचारी जन्माला यायच्या आधीच कामावर लागला होता. कुणाची चूक, हे तारीखराव रोज दुपारच्या चहाला मोठ्याने वाचून दाखवत. चहा गोड लागायचा, म्हणजे त्यांना. बाकीचे बिस्किटात तोंड घालून बसत.

अशात मंगळवारी धुलाईघरातल्या मावशी आल्या. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुणारी ही बाई कधी कुणाकडे काही मागायला आली नव्हती. त्यांची लेक परदेशात, पहिलटकरीण, जवळ मायेचं कुणी नाही. जावयाची रात्रपाळी. दिवस भरायला दोन महिने उरलेले. पासपोर्टसाठी शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली होती आणि तिथे जन्मतारखेचं ऑफिसचं पत्र लागत होतं. ही वेळ हुकली तर पुढची दीड महिन्याने, मग व्हिसा कधी आणि लेकीजवळ पोचायचं कधी?

तारीखराव म्हणाले, बसा, दोन मिनिटांचं काम. आणि सवयीने त्यांनी तो विनोद केला. मावशींची जन्मतारीख एकोणतीस फेब्रुवारी. हॉस्पिटलात वाढदिवसाला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते, पण मावशींना ती चार वर्षांतून एकदाच. कामावर लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी अर्ज केला होता, त्यावर तारीखरावांनी लाल शाईने शेरा मारला होता, 'सदर तारीख या वर्षी अस्तित्वात नाही'. तेव्हापासून दर फेब्रुवारीत हे ठरलेलं: "मावशी, तुम्ही अजून शाळेत जायच्या वयाच्या, तुम्हाला कसली सुट्टी?" मावशी दरवेळी हसायच्या. आजही हसल्या.

तारीखरावांनी तारीख टाइप केली, २९ फेब्रुवारी १९६६. ती डावीकडे चिकटली आणि ओळ लाल झाली.

पुन्हा टाकली. मध्ये रेघ देऊन टाकली, महिना अक्षरात लिहून टाकली. तारीख जागची हलेना. त्यांनी आधी यंत्राला दोष दिला, मग विजेला. शेवटी शेजारच्या चौकटीत सालाला चारने भागलं. बाकी उरली दोन. सहासष्ट साली फेब्रुवारी अठ्ठावीसलाच संपला होता. एकोणतीस तारीख त्या वर्षी नव्हतीच, आणि शेरा बरोबरच होता, फक्त भलत्या वर्षाला मारला होता. मावशींना त्यांनी गुरुवारी यायला सांगितलं.

मग तारीखराव कपाटातून सेवापुस्तक काढायला उठले, ते मोठ्या उत्साहाने. असा गाढवपणा करणारा कोण, एवढंच आता बघायचं होतं. पहिलं पान उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. नऊच्या आकड्याला ती शेपटी, ठळक आणि ऐटबाज. अशी शेपटी अख्ख्या ऑफिसात एकच माणूस काढतो.

मागे टाचणीने एक पिवळी चिठ्ठी लावलेली होती, मावशींच्या आईचा अंगठा असलेली. त्यात लिहिलं होतं, की मुलगी सहासष्ट साली फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी झाली. शेवटचा दिवस म्हटल्यावर नव्या नोकरीतल्या हुशार कारकुनाने महिना ताणता येईल तेवढा ताणला होता.

त्यांनी अठ्ठावीस टाकले. तारीख टुणकन उजवीकडे गेली, पण ओळ लालच. 'चूक कोणाची' रिकामं होतं ना! त्यांनी तिथे नुसती मोकळी जागा टाकून पाहिली, चालली नाही. 'अज्ञात' लिहून पाहिलं, तेही नाही. लोक पळवाटा काढतील म्हणून तो शब्द त्यांनीच बंद करून ठेवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक वाट मात्र उघडी होती: पासवर्ड त्यांच्याकडेच होता. रकाना काढून टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता.

बुधवारी रात्री त्यांनी ताटातली पोळी नुसतीच मोडली. बायकोने खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि ऐकून म्हणाली, "एक्केचाळीस जणांची नावं वाचलीत, तेव्हा बरं जेवण जायचं तुम्हाला." एवढं बोलून तिने आमटी वाढली.

गुरुवारी तारीखरावांनी रकान्यात स्वतःचं नाव भरलं. लाल गेलं. साहेबांची सही झाली. दुपारच्या चहाला त्यांनी उभं राहून बेचाळिसावं नाव वाचलं आणि खाली बसले. कुणीही हसलं नाही, आणि त्यांना त्याचीच जास्त लाज वाटली.

पत्र घेऊन ते स्वतः खाली धुलाईघरात गेले. मावशींनी हात पुसले. चष्मा वर राहिलाय, तुम्हीच वाचा, म्हणाल्या. त्यांनी वाचलं, अठ्ठावीस फेब्रुवारीपाशी थांबले, आणि मग सगळं सांगून टाकलं: चिठ्ठी, नऊचा आकडा, स्वतःचं अक्षर.

मावशींनी पत्र हातात घेतलं.

"म्हणजे माझा वाढदिवस दरवर्षी येतो?"

"दरवर्षी येतो, मावशी. दरवर्षी येत होता."

"आणि मी तुमच्या त्या विनोदाला हसत होते."

चुकलो, एवढंच तारीखराव म्हणाले, आणि तेहतीस वर्षांत हा शब्द त्यांनी ऑफिसात पहिल्यांदाच उच्चारला होता. मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. एकतीस वाढदिवसांत आठ सुट्ट्या मिळाल्या होत्या, तेवीस बुडाल्या. अर्धे दिवस तेवीस, म्हणजे साडेअकरा दिवस. ते लेकीकडच्या रजेला जोडून द्यावेत असा अर्ज त्यांनी स्वतः लिहून आणला होता, आणि साहेबांशी अर्धा तास भांडून तोंडी होकारही मिळवला होता. मावशींची तेवढी सही हवी होती.

मावशींनी पेन हातात घेतलं. कागदावर टेकवलं, आणि परत उचललं. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी वेगळंच चाललं होतं.

"साहेब, वरची तारीख नीट बघितलीत ना?"

तारीखरावांनी अर्ज परत घेतला, आणि खरोखरच एकदा तपासून पाहिला.