फ्लॉपीला लावलेलं गंध

आमचं युनिट माझ्यामुळे बंद पडलं, असं घरात कुणी म्हणत नाही. म्हणून मीच म्हणतो. कुणीतरी म्हणायला हवं.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत बाबांचं कापड रंगवायचं छोटं युनिट होतं. एक बॉयलर, अकरा कामगार आणि रंगाचं बघणारे एक मास्तर. शाळेच्या गणवेशाचं कापड आम्ही रंगवायचो आणि उल्हासनगरचा एक सिंधी व्यापारी ते उचलायचा. त्याची अट एकच, यंदाचा निळा गेल्या वर्षीच्या निळ्यासारखाच हवा. अकरा घरांच्या चुली त्या निळ्यावर पेटत होत्या, आणि तो निळा होता मास्तरांच्या वहीत. कुठली पूड किती, पाणी किती कडक, मीठ कधी टाकायचं, सगळं त्यांच्या वाकड्या अक्षरात.

नव्वदच्या सुमाराला मास्तरांना काचबिंदू झाला. मी तेव्हा तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून आलो होतो, म्हणजे जगातलं सगळं मला येत होतं. सेकंडहँड मशीन आणलं आणि पंधरा दिवस बसून वही त्यात चढवली. वर शहाणपणा असा, की फ्लॉप्यांचे तीन सेट केले. एक युनिटच्या कपाटात, एक कुळगावला आमच्या घरी, एक बुवापाड्यात मास्तरांच्या खोलीत. "एक जळाला तर दुसरा, दुसरा बुडाला तर तिसरा," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. कामगार पाठीमागे माझी नक्कल करायचे.

"वहीचं काय करायचं, धाकले शेठ?" मास्तरांनी विचारलं.

"रद्दीत टाका. आता तिचं काम नाही."

बाबा भडकले. "वीस वर्षं दसऱ्याला पुजलेली वही रद्दीत? भेळवाल्याकडे जायला?" त्यांनी ती कोऱ्या फडक्यात बांधली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि उल्हास नदीत सोडून आले. नंतर नजर फारच गेल्यावर मास्तरांनी काम सोडलं आणि बाबांनी नवा माणूस ठेवला. तो हुशार होता, पण मशीनमधून छापून दिलेली चिठ्ठी बघूनच रंग घालायचा आणि भिजलेली चिठ्ठी संध्याकाळी फेकून द्यायचा.

पुढच्या दसऱ्याला युनिटात नेहमीसारखी पूजा मांडली. आमच्याकडे रीत अशी, की त्या दिवशी यच्चयावत हत्यारं पूजेला यायलाच हवीत. एखादं राहिलं तर ते रुसतं म्हणे. पान्हे आले, तराजू आला, मापं आली. बाबांनी विचारलं, "तुझ्या त्या चकत्या? सगळ्या आल्या?" मी अभिमानानं कुळगावचा सेट काढला. मास्तर नातीचा हात धरून बुवापाड्याहून आले होते, त्यांनी आपला सेट रुमालातून सोडला. तीन ठिकाणी ठेवायचं म्हणून वर्षभर डोकं खाल्लेलं सगळं एका पाटावर आलं, आणि ते मांडलं मी.

बाबांनी प्रत्येक फ्लॉपीला ओलं गंध लावलं, वर अक्षता. त्या मोठ्या, मऊ फ्लॉप्यांना एक उघडी फट असायची आणि तिथून आतली काळी चकती दिसायची. बाबांना ते कपाळ वाटलं असावं. मी बघत होतो. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या फटीला बोट लावायचं नाही. पण यंदा बॉयलरच्या आधी माझ्या मशीनला हार पडला होता. त्या आनंदात मी गप्प बसलो, प्रसाद वाटला, आणि सेट ज्याचे त्याच्याकडे परत गेले.

दिवाळीनंतर विजेचा दाब खालीवर झाला आणि मशीन मेलं. मेकॅनिक म्हणाला, आतली डिस्क गेली. मी हसून म्हटलं, "बदला. तीन सेट आहेत."

पहिली फ्लॉपी घातली, मशीन घरघरलं. दुसरी घातली, तेच. तरी मी थांबलो नाही, घाईघाईत तिन्ही सेट एकामागून एक आत ढकलले. मेकॅनिकनं शेवटी एक उचलून उजेडात धरली. वाळलेल्या चंदनानं आतल्या चकतीवर गोल ओरखडे ओढले होते. "भाई, ये फ्लॉपी है के भगवान?" तो म्हणाला. माझ्याशिवाय सगळे हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून तेही थांबले.

नव्या माणसानं जुन्या कापडाच्या तुकड्याशी रंग जुळवून बघितला. रंगवलेले दोन घाणे परत आले. तिसरा घाणा व्यापारी स्वतः घेऊन आला, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि बाबांना म्हणाला, "दादा, प्रार्थनेला पोरं उभी राहिली तर लाईनीत पट्टे दिसतील ना. मी शाळेला काय सांगू?" तो वाईट माणूस नव्हता. चहा पिऊन गेला. त्यानंतर त्याचा टेम्पो आला नाही.

शेवटचा उपाय म्हणून मास्तरांना आणलं. "टाकी इकडे आहे, मास्तर," मी म्हणालो. त्यांनी टाकीतल्या कोमट पाण्यात हात घातला, चिमटीत कापड चोळलं, नाकाशी नेलं, खिडकीशी जाऊन डोळ्यांजवळ धरलं. अकराही जण काम सोडून उभे होते.

"शेठ, मला आता काळा आणि निळा एकच दिसतो," ते म्हणाले.

मग त्यांनी माझ्याकडे वळून, म्हणजे माझा आवाज जिथून आला होता तिकडे वळून, विचारलं, "वही कुठे सोडली होती? घाटावर, का पुलावरून?"

"पुलावरून," बाबाच म्हणाले.

"मग लांब गेली असेल." ओला हात त्यांनी शर्टाला पुसला. "रंग तर आपण रोजच नाल्यात सोडत होतो. तो त्याच नदीला जातो."

होळीच्या आधी युनिटला कुलूप लागलं. त्या अकरा कामगारांतले दोघे अजून स्टेशनवर भेटतात, चहा पाजतात. नदीचा विषय काढत नाहीत.