तीन शाली आणि एक उतार

सोलापूरहून निघताना अक्काने गाडीत बसण्याआधीच अट घातली, की या प्रवासात तिला कोणी उचलायचं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात आणि सुट्ट्यांमध्ये एकपात्री नाटक करत गावोगाव हिंडण्यात गेला. महामार्गावरच्या अपघातात डावा पाय गेला, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. त्यानंतरच्या पहिल्याच आमंत्रणात संयोजकांनी चार धट्टीकट्टी पोरं लावून तिला खुर्चीसकट रंगमंचावर चढवलं. लोकांनी त्या उचलण्यालाच टाळ्या दिल्या. अक्का नाटक न करता परत आली. "चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईल," ती म्हणाली होती, "तोवर मी माझी जाईन." त्यानंतर तिने प्रयोग केला नाही.

या माघात तिला पुन्हा उभं राहावंसं वाटलं. उभं राहणं हा तिचाच शब्द. प्रयोग आपल्या माहेरच्या जिल्ह्यात, धाराशिवमध्ये करायचा, तिकीट लावायचं नाही, म्हणून भाडं परवडणारं हवं, आणि रंगमंचावर खुर्ची जाईल असा उतार हवा. एवढंच. मला वाटलं, यात अवघड ते काय? मला असं नेहमीच वाटतं.

तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर दोन्ही बाजूंना ज्वारी लागली. कणसं भरली होती, आणि मधूनमधून उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या. अक्का खिडकीतून बघत आपले संवाद पुटपुटत होती. तिच्या नाटकात एक ग्रामसभा आहे आणि त्या सभेतली सगळी माणसं ती एकटीच होते.

धाराशिवच्या नाट्यगृहाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं, तर असं नाट्यगृह जगात एकच आहे असा तुमचा समज होईल. दाराशी उतार होता, त्याला चकचकीत कठडा होता, भिंतीवर निळ्या रंगात खुर्चीचं चित्रही होतं. उतारावर लग्नाच्या दोन फुलांच्या कमानी रचून ठेवल्या होत्या. व्यवस्थापक भला माणूस. त्याने कमानी हलवल्या, भाडंही अगदी माफक सांगितलं. अक्का खुर्ची चालवत थेट रंगमंचापाशी गेली आणि पायऱ्यांपुढे थांबली.

"वर जायला कुठून?" तिने विचारलं.

"वर?" व्यवस्थापक माझ्याकडे बघून म्हणाला. अक्काबद्दलचं सगळं तो मलाच विचारत होता. "मॅडमला नाटक बघायचंय न्हवं? पुढच्या रांगेत जागा करतो की."

"मला नाटक करायचंय," अक्का म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "मग पोरं हायत की. उचलू."

म्हणजे पाय नसलेल्या माणसाने नाटक बघावं, इथवर आपली प्रगती झालेली आहे. तो नाटक करेल, हे नकाशा काढणाऱ्याच्या, पास करणाऱ्याच्या आणि फीत कापणाऱ्याच्या डोक्यात आलेलं नाही. आम्ही निघालो, तेव्हा व्यवस्थापकाला वाईट वाटलं असावं. तो धावत आत गेला आणि शाल-नारळ घेऊन आला. रिकाम्या खुर्च्यांसमोर अक्काचा सत्कार झाला आणि शिपायाने फोटो काढला. शाल मोहरीच्या रंगाची होती आणि अंगाला लागली की चटचट आवाज करत होती. मग आम्ही इथले प्रसिद्ध गुलाबजाम खाल्ले. शहरात मला आवडलेली गोष्ट तेवढीच.

तिथून बेंबळीला गेलो. शाळेच्या मैदानावर खुला रंगमंच आहे आणि त्याला भाडं नाही, असं कळलं होतं. भाडं खरंच नव्हतं. रंगमंच मात्र माझ्या छातीइतका उंच बांधलेला होता. नाटकाला एवढी उंची लागत नाही, ती पुढाऱ्यांना लागते. वर स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम चालली होती. मुली एका कर्कश गाण्यावर नाचत होत्या आणि त्यातली एक, शेवटच्या रांगेतली, इतकी सुरेख नाचत होती, की तिला मागे कोणी ठेवलं असेल असा प्रश्न मला पडला. उत्तर रंगमंचाच्या कडेला उभं होतं: पाहुण्यांच्या मुली पुढच्या रांगेत होत्या आणि पाहुणे मोबाइलवर त्यांचं चित्रण करत होते.

गावातले एक कार्यकर्ते आमच्या सोबतीला आले. त्यांना अडचण लगेच समजली आणि उपायही सुचला.

"बाई, तुमी खालीच बसून बोला. माईक देतो."

"मग मागच्यांना दिसणार काय?" अक्काने विचारलं.

"ऐकू यील की. नाटकात बोलणंच तर असतंय." अक्काचा चेहरा बघून त्यांनी दुसरा उपाय काढला. "न्हाय तर आमचा लोडर हाय ट्रॅक्टरचा. बकेटात बसवून अलगद वर ठिवू. मुरूम टाकतो तसं न्हाय, लई अलगद."

अक्का प्रवासात पहिल्यांदा मोठ्याने हसली. कार्यकर्त्यांना वाटलं, तिला कल्पना आवडली. नको म्हटल्यावर ते हिरमुसले, पण हेडमास्तरांच्या कपाटात शाल तयार होतीच. ही जांभळी होती. उतार बांधायला वर्षानुवर्षं निधी मिळत नाही आणि शाल दोन मिनिटांत मिळते, हे मला या जिल्ह्यात नव्यानेच कळलं असं मी म्हणणार नाही, पण एका दिवसात दोनदा कळण्याची ही पहिली वेळ.

नळदुर्गला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ढाब्यासमोर ट्रकची रांग होती. भाकरी कडक, शेंगांची चटणी झणझणीत आणि पिठलं इतकं फक्कड, की माझा राग ताटापुरता शांत झाला. ढाब्याला लागून त्याच मालकाचं मंगल कार्यालय होतं. अक्काने हात धुताधुता आत डोकावलं आणि मला हाक मारली. स्टेजवर जायला उतार होता! रुंद, गालिचा घातलेला, जिल्ह्यातला सगळ्यात देखणा उतार.

"नवरा-नवरीच्या एंट्रीला केलाय," मालक अभिमानाने म्हणाला. "फुलाच्या गाडीत बसून येत्यात वर."

त्याने भाडं सांगितलं. त्या भाड्यात अक्काला तिची उरलेली सगळी पेन्शन घालून एकच प्रयोग करता आला असता, तोही लग्नसराई संपल्यावर. "नाटकाला कोण येतंय बाई," तो कळवळून म्हणाला आणि आहेराच्या गठ्ठ्यातून एक हिरवी शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. चांगली दोन पायांची नवरी तिथे गाडीत बसून वर जाते आणि अक्काला मालक खालूनच निरोप देतो.

शेजारच्या टेबलावर कपाळाला भस्माचे पट्टे लावलेले एक गृहस्थ भाकरी कुस्करत हे सगळं ऐकत होते. ते उठून आले. मुरुम गावचे शिवलिंगप्पा, धान्याचे अडते.

"आमच्याकडं या की. माझं अडतीचं शेड हाय मोंढ्यात (धान्याच्या बाजारात). मोठा ओटा हाय. पोत्याचे हातगाडे चढायला उतार हाय."

"भाडं?" मी विचारलं.

"भाडं कसलं? फक्त बाईंच्या आधी थोडा वेळ मला द्या. आमी बयलाट (उघड्यावरचं कन्नड नाटक) करतो. लई दिवसात राजाचं सोंग घेतलं न्हाय."

म्हणजे इथेही भाडं होतंच, फक्त ते ऐकून घेऊन फेडायचं होतं. अक्का लगेच हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यातला लिलाव आटोपल्यावर आम्ही मुरुमला गेलो. शेडमध्ये तुरीचा वास भरला होता. कपडे बदलायला आडोसा नव्हता, म्हणून मी दोन खांबांना सुतळी बांधली आणि तिन्ही शाली एकीला एक जोडून टाकल्या. मोहरी, जांभळी, हिरवी. सत्काराच्या शालीचा कुठे काही उपयोग झालेला मी आयुष्यात एवढाच पाहिला. हमाल, धान्य पाखडणाऱ्या बाया, व्यापारी असे बरेच लोक पोत्यांवर जागा धरून बसले.

शिवलिंगप्पा पुठ्ठ्याचा मुकुट घालून आले आणि गायला लागले. सूर त्यांच्या वाट्याला आला नव्हता, पण चिकाटी आली होती. राजा युद्धावर निघाला आणि निघतच राहिला. शेवटी पाखडणाऱ्या बायांपैकी एकीने कन्नडमध्ये काहीतरी सुनावलं, लोक खो खो हसले आणि राजा खाली उतरला.

मग शालींमागून अक्का बाहेर आली. उतार सिमेंटचा होता, हातगाड्यांनी झिजून गुळगुळीत झालेला. तिने दोन्ही हातांनी चाकं ढकलली. मध्यावर खुर्ची थांबली. तिने चाकं घट्ट धरून ठेवली. मी पुढे झालो.

"मागं हो," ती दात दाबून म्हणाली.

मी मागे झालो. आजूबाजूला रोज ओझी उचलणारी माणसं बसली होती, पण एकही जागचा उठला नाही. हात लावायला कोणी आलं नाही, टाळ्याही वाजल्या नाहीत. तिने पुन्हा जोर लावला आणि वर गेली. माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो.

पूर्वी ती टाचेवर गर्रकन वळून माणूस बदलायची. आता तिने एक चाक रोखून दुसरं फिरवलं आणि सरपंच झाली. उलट फिरवलं आणि त्याला पाण्याचं विचारणारी म्हातारी झाली. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हातारीच्या शेवटच्या बोलण्याला कोणीच हसलं नाही. "छलो ऐति (छान आहे)," माझ्यामागचा हमाल हळूच म्हणाला.

संपल्यावर शिवलिंगप्पा मुकुटासह ओट्यावर गेले. त्यांचे डोळे भरले होते.

"बाईंनी माझ्या शेडचं सोनं केलं," ते म्हणाले. "आता ही जागा मी अशी ठिवणार न्हाय. एवढ्या मोठ्या कलावंताला हमालाच्या वाटेनं यावं लागलं, मला लाज वाटली. पाडव्याला हा उतार फोडतो आणि इथं ग्रॅनाइटच्या पायऱ्या बसवतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत पोचलो. "अप्पा, उतार राहू द्या हो. अक्का मग वर कशी येणार?"

त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "तुमी काळजीच करू नका. पोरं हायत की. उचलू."

आणि चौथी शाल आली.

सोलापूरच्या वाटेवर मी बराच वेळ तणतणत होतो. जिल्हाभर हिंडून एक जागा सापडली. ती कोणी नाटकासाठी बांधली नव्हती म्हणून चांगली होती, आणि आता नाटकासाठी बांधणार म्हणून ती जाणार. आपल्याकडे दुष्टपणाने एवढं नुकसान होत नाही, जेवढं मान देण्याने होतं, असं मी अक्काला सांगितलं. तिचं लक्ष नव्हतं. ती सोललेल्या तळहातांवर फुंकर घालत होती.

"पाडव्याला फोडणार म्हणाले ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग पाडव्याच्या आत आणखी दोन प्रयोग लाव," अक्का म्हणाली. "आणि अप्पांना सांग, राजाला पाहिजे तितका वेळ देऊ."